हजेरी, पहाटे अडीच

बावीस वर्षं मी फळ्यावर युरोप काढला,
डोळे मिटून काढतो, इटलीच्या बुटासकट.
पासपोर्ट मात्र यंदा, बावन्नाव्या वर्षी.
नाशिकरोडच्या पोस्टातल्या बाई म्हणाल्या, ओळखखूण?
डाव्या कोपराचा व्रण दाखवला.
जन्मतारीख एक जून.
त्या हसल्या. रांगेत आम्ही चौघे निघालो एक जूनचे,
चौघांनाही मामानंच शाळेत घातलेलं.

अंबडच्या कारखान्यानं खर्च उचलला:
एकोणीस मुलं, दोन शिक्षक, बारा दिवस, जर्मनी, जानेवारी.
दर शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत तयारी.
धन्यवाद कसं म्हणायचं,
परक्या घरात पाणी कसं मागायचं,
आणि नळाचंच दिलं तर तोंड वाकडं करायचं नाही.
बेदमुथांच्या इशिताची आई चारदा येऊन गेली:
कांदा नाही, बटाटा नाही, अंडं तर नाहीच,
केकमध्ये असतं, सर, विचारून घ्या.
काझींच्या झोयानं विचारलं, तिथून किबला कुठल्या दिशेला?
आग्नेय, मी म्हणालो,
आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा
माझा भूगोल कुणाच्या तरी कामी आला.

शेजवळचा प्रणित: उणे सहा म्हणजे निफाडपेक्षा किती, सर?
मी म्हणालो, निफाडला शेकोटी पेटवतोस ना?
तिथं शेकोटीच गोठते.
(हे भूगोलाच्या शिक्षकानं सांगू नये.)
शरणपूर रोडच्या तिबेटी बाजारातून
घासाघीस करून एकोणीस कानटोप्या आणल्या,
सगळ्या नारिंगी, लांबून ओळखू याव्यात म्हणून.
बॅगा सिडकोतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर तोलल्या.
मर्यादा तेवीस किलो. सत्तावीस भरली की चिवडा बाहेर.
चिवडा बाहेर निघताना आयांचे चेहरे बघवत नाहीत.

मंजुळा भोयेची बॅग नऊ किलो.
पहिल्या बाकावर बसते.
जर्मन आकडे शंभरपर्यंत तिला एकटीला येतात.
सोप्पं आहे, सर, म्हणते, ते पाच-आणि-वीस म्हणतात,
आपलंही पंचवीसच की, आधी पाच.
तिनंच विचारलं होतं,
साडेचारला सूर्य बुडतो तर पोरी घरी कशा जातात?
मला माहीत नव्हतं.

तिचे आईबाप द्राक्षबागांवर.
छाटणीला दिंडोरी, थिनिंगला पिंपळगाव, पावसात पेठ.
काम तिथं चूल.
हवालदार गेला त्या दिवशी चूल हललेली होती.
शेरा आला:
अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळून आली नाही.
ती माझ्यासमोर उभी होती.
मी कागद मनात वाचला, घडी घातली,
म्हणालो, बघू.

आडगावच्या पोलीस कचेरीत तीन चकरा.
हेडमास्तर म्हणाले, वसतिगृहाचा पत्ता टाका, नवा अर्ज करा.
केला.
तारीख मिळाली ती आमचं विमान उडून तीन दिवस झाल्यावरची.
मंजुळा म्हणाली, बरं.
पुढच्या शनिवारी पुन्हा पहिल्या बाकावर.
का आलीस, असं कुणी विचारलं नाही.
क्षत्रियांच्या तन्मयकडून तिनं
एकवीस ते तीस घोकून घेतले, चुकला तिथं पुन्हा.

आता पहाटेचे अडीच. मैदानावर बस सुरू,
डिझेलचा धूर आणि तोंडाची वाफ वेगळी करता येत नाही.
मुलांचे नंबर जुलैपासून पाठ, कुठंही हरवू नयेत म्हणून.
यादी मी काल नव्यानं टाइप केली होती. अठरा.
मुलांनी ती पाहिली नसावी,
किंवा पाहिली असावी.
नऊ.
दहा.
मग एवढीशी जागा, इंजिनाच्या आवाजाची.
बारा.

मी यादी खिशात टाकली. चला, म्हणालो ड्रायव्हरला.
वसतिगृहाच्या फाटकाशी कुणीतरी उभं होतं.
दिवा गेलेला, चेहरा दिसत नव्हता.
कानटोपी परत घ्यायची राहिलीच होती तिच्याकडून.
बस वळेपर्यंत दिसत होती,
लांबून.